दोन बोटांचे अंतर

‘सस्पेन्शन’ या शब्दाचा महाविद्यालयीन जगात एकच अर्थ रूढ आहे, आणि तो उच्चारताना प्राचार्यांच्या दालनाकडे चोरटा कटाक्ष टाकण्याची प्रथा आहे. साहित्याच्या अभ्यासकांना त्याचा आणखी एक अर्थ ठाऊक असतो : कोलरिजने १८१७ साली वाचकाकडून मागितलेले अविश्वासाचे स्वेच्छा-निलंबन. मोटारीची चाके आणि तिचा सांगाडा यांच्यामधल्या यंत्रणेलाही हाच शब्द आहे, याकडे मात्र वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अठरा वर्षे मराठी शिकवणाऱ्या आम्हां दोघांचे लक्ष कधी गेले नव्हते. ते वेधले आमच्या एका माजी विद्यार्थ्याने.

हा विद्यार्थी आता आमच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवतो. जितके तास, तितके मानधन. सुट्टीत तास नाहीत, म्हणून मानधनही नाही. नेट झाली, पीएच.डी. झाली, मुलाखतीही झाल्या. गेल्या वर्षी त्याने एक जुनी हॅचबॅक मोटार घेतली. त्याच्या घराण्यातली पहिली. आणि घेतल्या दिवसापासून तिला ‘खाली घेण्याचा’ ध्यास त्याला लागला. मूळ स्प्रिंगा काढायच्या आणि बाजारात वेगळ्या मिळणाऱ्या आखूड स्प्रिंगा बसवायच्या. गाडी तीसचाळीस मिलिमीटर खाली येते, आणि टायर व मडगार्ड यांच्यामधली पोकळी भरून निघते. “सर, कंपनीतून आलेली गाडी कशी दिसते सांगू का?” तो म्हणाला. “चवड्यावर उभी असल्यावानी. मॅडम, तुम्हीच पाहा. कोणी बस म्हणते का नाही म्हणते, याची वाट पाहून राह्यली जशी.”

स्टाफरूममध्ये यावर यथेच्छ हसून झाले. ‘पोरकटपणा’ हा शब्द दोनदा आला. आम्हांला ते हसणे थोडे खटकले. कवीने ओळ मध्येच तोडली तर ती का तोडली, असे विचारण्याचा आमचा व्यवसाय. मग एखाद्याने स्वतःच्या गाडीची उंची मोडायची म्हटली, तर तोच प्रश्न विचारायला काय हरकत आहे? म्हणून एका रविवारी आम्ही त्याच्यासोबत मिस्त्रीच्या गॅरेजात जाऊन बसलो.

तिथे जे समजले ते रूपबंधाच्या चर्चेत सहज खपले असते. स्प्रिंग गाडीचे वजन तोलते आणि खड्ड्याचा धक्का पोटात घेते. शॉकअप त्या स्प्रिंगेचे हेलकावे शमवतो. चाकाला वर येण्यासाठी ठराविक वाव असतो, आणि तो संपला की शेवटी एक रबरी ठोकळा असतो. गाडी खाली घेतली की हा वाव तेवढाच कमी होतो. समजा, तो ८० मिलिमीटर होता. ३५ ने गाडी उतरवली की ४५ उरले. उरलेल्या जागेत तेवढाच धक्का सामावायचा म्हणून आखूड स्प्रिंग ताठरही करावी लागते. स्प्रिंग ताठर झाली की जुना शॉकअप तिला आवरू शकत नाही. तोही बदलावा लागतो. चाकांचे कोन बदलतात, ते पुन्हा जुळवावे लागतात. बदल्यात वळणावर गाडी कमी कलते, हा फायदा खरा आहे. परंतु रचनेतला एकच घटक बदलून बाकीचे तसेच ठेवता येत नाहीत, हे वर्गात आम्ही जितक्या ठामपणे सांगतो त्याहून अधिक ठामपणे मिस्त्रीने सांगितले.

पैसे वाचवण्याचा एक मार्गही असतो : मूळ स्प्रिंगेचा एक वेढा कटरने कापून टाकायचा. कापल्याने स्प्रिंग मऊ पडत असेल असा आमचा समज होता, घडते उलटे. स्प्रिंगेचा ताठरपणा तिच्या कार्यरत वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहापैकी एक वेढा गेला की ती २० टक्क्यांनी ताठर होते. शिवाय चाक खड्ड्यात लोंबकळले की असली स्प्रिंग आपल्या जागेवरून सुटू शकते. आच देऊन ती बसवायची, तर पोलादाचे पाणीच उतरते. या दोन्ही कामांना मिस्त्रीने साफ नकार दिला, आणि आमच्या मनातला त्याच्याविषयीचा आदर वाढला.

यात आमच्या जिल्ह्याच्या मातीचा वाटा वेगळा मोजावा लागेल. ज्या काळ्या मातीवर वर्ध्याचा कापूस पोसला, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर घातलेली सडक दोनचार वर्षांत लाटांसारखी वरखाली होते. भर म्हणून गावोगावचे गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा; गावकऱ्यांनी हौसेने घातलेला ब्रेकर असले निकष जाणत नाही. अशा ठिकाणी खाली घेतलेल्या गाडीचे चेंबर एका फटक्यात फुटू शकते. म्हणून ती तिरपी घालावी लागते : आधी एक चाक, मग दुसरे, माणसाच्या पावलाच्या वेगाने.

हे सारे त्याला आमच्याआधी ठाऊक होते. “सर, हळू जावं लागते म्हणून तर लोक पाहतात,” तो शांतपणे म्हणाला.

या वाक्याने आम्ही थबकलो. कारण दूर लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांत हीच गोष्ट दुसऱ्या महायुद्धानंतर घडली होती. तिथल्या तरुणांनी जुन्या मोटारींच्या डिकीत वाळूची पोती भरून, स्प्रिंगा कापून गाड्या खाली आणल्या, आणि त्या हमरस्त्यावरून मुद्दाम संथ चालवल्या. वेगवान गाडी क्षणात दिसेनाशी होते; संथ गाडीतल्या माणसाकडे पाहावेच लागते. कॅलिफोर्नियाने १९५८ पासून, चाकाच्या धावेच्याही खाली गाडीचा कोणताही भाग येता कामा नये, असा कायदा लागू केला. १९५९ मध्ये रॉन अगिरे या तरुणाने हायड्रॉलिक पंप बसवून बटणाने उंची बदलणारी गाडी काढली. पोलीस दिसले की गाडी वर, गेले की खाली. तो निर्बंध १ जानेवारी २०२४ पासून उठला. मधल्या पासष्ट वर्षांत शोभेची म्हणून हसली गेलेली ती गोष्ट एका समाजाची ओळख होऊन बसली होती.

आपल्याकडचा कायदा मात्र कडक होत गेला आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी, निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येणार नाही, असे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने विनापरवाना बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. हेही आम्ही त्याला सांगितले. तो हसला. त्याच्यापाशी याहून जुना एक संदर्भ होता.

त्याची आजी नव्वदीकडे झुकली आहे. गाडीत पहिल्यांदा बसून गावात शिरताना, पाटलाच्या वाड्यासमोर ती म्हणाली होती, “तुहा आजा इथं बंडीतून उतरून पायी चाले.” बस्स, एवढेच. त्या वाड्यासमोरून कोणत्या वेगाने जायचे, हे त्याने त्या दिवशी ठरवले असावे. ‘कोणी बस म्हणते का’ या त्याच्या वाक्यात आम्ही तोवर फक्त तासिका तत्त्व ऐकत होतो.

यानंतर आम्हांला चाळीसगाव आठवणे अपरिहार्य होते. डॉ. आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांतला १९२९ सालचा तो प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी वर्गात शिकवला असेल. अस्पृश्य उतारूला टांग्यात बसवून नेणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. महारवाड्यातल्या लोकांनी पाहुण्याला पायी नेणे आपल्या इभ्रतीला शोभणार नाही म्हणून टांगा तेवढा भाड्याने घेतला आणि त्यांच्यातलाच, हाकण्याची सवय नसलेला एक जण पुढे बसला. मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. आपली प्रतिष्ठा राखण्याच्या नादात आपला जीवच धोक्यात घातला गेला, हे त्यांनी स्वच्छ लिहिले आहे. आणि बॅरिस्टर माणसाहूनही स्वतःला श्रेष्ठ समजणाऱ्या टांगेवाल्याच्या समजुतीकडेही तितकेच स्वच्छ बोट दाखवले आहे. यजमानांच्या मायेवर त्यांनी शंका घेतली नाही आणि त्यांच्या चुकीवर पांघरूणही घातले नाही. प्रतिष्ठेची भूक खरी असते, आणि गाडीत बसलेल्या माणसाची हाडेही खरी असतात. ज्यांना पहिली गोष्ट वारशाने मिळालेली असते ते दुसरीचा उपदेश करायला मोकळे असतात, एवढे भान आम्हां दोघांना त्या गॅरेजातल्या बाकावर बसून ठेवावे लागले.

म्हणून आम्ही उपदेश केला नाही, मोजायला सांगितले. आजीला महिन्यातून एकदा सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यावे लागते. तिच्यासोबत आईवडील असतात, आणि येताना तुरीच्या डाळीचे पोते किंवा ढेपेची गोणी ठरलेली. पुढच्या खेपेला त्याने, सगळे बसल्यावर, मागच्या टायरवरची पोकळी बोटांनी मोजली. रिकाम्या गाडीला चार बोटे होती. आता दोनच उरली होती. आखूड स्प्रिंगा असत्या, तर आजीचा सारा रस्ता त्या रबरी ठोकळ्यावर गेला असता.

“घरचे बसले का गाडी मले पाहिजे तशीच दिसते,” असे त्याने संध्याकाळी फोनवर सांगितले. आवाजात विनोद होता, पण पूर्ण समाधान नव्हते. आणि ते असावे अशी अपेक्षा करण्याचा आम्हांला अधिकार नाही. आजी सोबत असली की तो वाड्यासमोरून तसाच सावकाश जातो. त्यासाठी स्प्रिंगा बदलाव्या लागलेल्या नाहीत. इतर दिवशी मात्र तो एकटाच कॉलेजला येतो, आणि त्याची गाडी विभागाच्या दारात चवड्यावर उभी असते. स्प्रिंगांची किंमत त्याने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली आहे. किती तासिकांचे मानधन होते, तेही शेजारीच. कायम जागेची जाहिरात निघाली की पाहू, असे तो म्हणतो.