अठरा हजार कड्यांचा सदरा

मुलांनो, तुमच्यापैकी कितीजणांनी स्नेहसंमेलनात शिवाजी महाराजांचं काम केलंय? हात वर करा बघू! आणि कितीजणांनी पुठ्ठ्याचं चिलखत घातलंय? झालं, सगळेच हात वर आले!

आमच्या शाळेतही गेल्या वर्षी प्रतापगडाचा प्रसंग बसवला होता. चिलखत तयार करायचं काम अर्थातच बाईंकडे, म्हणजे माझ्याकडे. रेडिओच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर चंदेरी कागद चिकटवला, नाड्या लावल्या. लांबून अगदी झकास दिसत होतं. पण तालमीला आमच्या छोट्या महाराजांचा हात काही खांद्याच्या वर जाईना. वरून अंगरखा घातला, तर चालताना आतून पुठ्ठा करकर वाजायला लागला.

तो चौथीतला मुलगा थांबला आणि म्हणाला, "बाई, चिलखत म्हणजे लोखंडी पत्र्याचा कोट, असं तुम्ही सांगितलंत ना? मग महाराजांनी ते अंगरख्याखाली कसं घातलं? खानाला आवाज आला नाही का?"

खरं सांगते, मला उत्तर ठाऊक नव्हतं. आणि उत्तर ठाऊक नसलं की मोठी माणसं जे करतात, तेच मी केलं. "शहाणपणा पुरे, आधी संवाद पाठ कर!" असं म्हणून त्याला गप्प बसवलं. पोरगं खरंच गप्प बसलं. इतकं, की पुढचे दोन दिवस वर्गात त्यानं एकदाही हात वर केला नाही.

मला चैन पडेना. रविवार उजाडला, तशी पिशवीत पाण्याची बाटली आणि वही टाकली आणि साताऱ्याची एसटी पकडली.

साताऱ्याचं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय तुम्ही कदाचित पाहिलं असेल. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं काही महिन्यांसाठी इथंच पाहायला ठेवली होती. (ती महाराजांचीच, असं खात्रीनं सांगता येत नाही, हे त्या संग्रहालयानंच स्पष्ट केलंय, बरं का!) मी मात्र वाघनखांसाठी आले नव्हते. मला हवं होतं चिलखत.

काचेआड ते दिसलं आणि मी कपाळावर हात मारला. पत्रा कुठला? तो तर चक्क सदरा होता! हजारो बारीक लोखंडी कड्या एकमेकींत ओवून विणलेला. आजी लोकरीचा स्वेटर विणते ना, तसा. घडी घालता येईल, हात वर करता येईल, वरून अंगरखा चढवला तर कुणाला पत्ताही लागणार नाही असा. १० नोव्हेंबर १६५९ या दिवशी प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि पागोट्याखाली लोखंडी टोप घातला होता. खानाचा वार त्या चिलखतावरून घसरला. त्या कड्या नसत्या तर पुढचा इतिहास वेगळाच झाला असता.

म्हणजे चूक बाईंची होती. पोरगं बरोबर होतं.

मी वहीत चित्र काढत बसलेली पाहून तिथले एक काका म्हणाले, "बाई, असलं काम आजही करणारा माणूस बघायचाय का? कोरेगाव रस्त्याला एक लोहार राहतात. मर्दानी खेळवाल्यांना आणि नाटकवाल्यांना सामान करून देतात."

मग काय विचारता! निघालेच मी.

रस्त्याकडेला कडुनिंबाचं झाड, त्याखाली घर आणि घराच्या पडवीत कारखाना. कारखाना म्हणजे काय? एक भट्टी, तिला वारा घालायला हातानं फिरवायचा पंखा, मातीत रोवलेल्या लाकडी ओंडक्यावर बसवलेली ऐरण, आणि भिंतीला टांगलेल्या सांडश्या, हातोडे, छिन्न्या, कानशी. पूर्वी पंख्याच्या जागी चामड्याचा भाता होता. तो अजून कोपऱ्यात जपून ठेवलाय. बाहेर विळे, खुरपी, कुऱ्हाडी आणि ऊसतोडीचे कोयते धार लावायला येऊन पडलेले.

"दादा, इतका अंधार कशाला? दिवा लावू का?" मी विचारलं.

"नको नको!" ते हसले. "अंधार हाय म्हणून तर लोखंडाचा रंग दिसतोय. उजेडात रंग कळला न्हाई की काम बिघडलं."

त्यांनी ट्रकच्या कमानीच्या जुन्या पाट्याचा एक तुकडा भट्टीत सारला. हे साधं लोखंड नव्हे, पोलाद. लोखंडात थोडासा कार्बन मिसळला की पोलाद होतं. तुकडा आधी काळपट लाल झाला, मग लालभडक, मग पिकलेल्या संत्र्यासारखा केशरी. दादांनी तो सांडशीनं ऐरणीवर धरला आणि वहिनींनी पदर खोचून घण उचलला.

हो, घण वहिनींनीच उचलला! अनेक लोहार घरांत असंच असतं. दादा लहान हातोडीनं टक् करून जागा दाखवतात आणि वहिनींचा घण नेमका तिथंच पडतो. टक्-धाड्, टक्-धाड्! बोलणं एक शब्दाचं नाही. मीही घण उचलून पाहिला. पहिला घाव ऐरणीच्या कडेवर, दुसरा ओंडक्यावर! वहिनी म्हणाल्या, "राहू द्या बाई, तुमचा खडूच बरा."

तासाभरात पाट्यातून वीतभर लांबीची भाजी चिरायची सुरी आकाराला आली. आता खरी परीक्षा होती, पाणी द्यायची.

मुलांनो, आपण 'पाणीदार' म्हणतो, 'तलवारीचं पाणी' म्हणतो, 'एखाद्याचं पाणी जोखावं' म्हणतो. या पाण्याचं नातं थेट लोहाराच्या पडवीशी आहे. पोलाद आठशे अंशांच्या वर तापवून एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवतात. त्याला म्हणतात पाणी देणं. ट्रकच्या पाट्याला तेल चांगलं. पाण्यात तो फार झटक्यानं थंड होतो आणि तडकू शकतो.

असं बुडवल्यानं होतं काय? तुम्ही 'स्टॅच्यू' खेळता ना, तसंच! तापलेल्या पोलादात कार्बनचे कण मोकळेपणानं फिरत असतात. अचानक गारवा आला की 'स्टॅच्यू!' जो जिथं असेल तो तिथंच अडकतो. सगळे असे ताठ अडकल्यामुळे पोलाद भलतंच कडक होतं.

"म्हणजे झाली सुरी तयार?" मी उतावीळपणे विचारलं.

दादा काही बोलले नाहीत. त्यांनी पाणी दिलेला दुसरा एक टाकाऊ तुकडा घेतला, जाड गोणपाटात गुंडाळला, मला लांब उभं केलं आणि हातोडीचा एकच घाव घातला. गोणपाट उघडलं तर आत दोन तुकडे! जणू पापड मोडला.

"नुसतं कडक करून भागत न्हाई, बाई. कडक झालं की तुटतंय. मग त्याला जरा ऊब द्यावी लागती."

मग त्यांनी सुरी दगडावर घासून चकचकीत केली आणि भट्टीच्या कडेला हळूहळू गरम केली. आता गंमत बघा. चकचकीत पोलादावर आपोआप रंग चढू लागला! साधारण २२० अंशांना वाळल्या गवतासारखा फिकट पिवळा. आणखी तापलं तर तपकिरी, मग जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. हा रंग म्हणजे पोलादावर धरलेला गंजाचाच एक अतिशय पातळ थर असतो. सुरीच्या पात्यावर पिवळा रंग तपकिरीकडे झुकला, तशी दादांनी ती बाजूला घेतली. स्प्रिंगसारखी लवचीक वस्तू करायची असती, तर ते निळ्या रंगापर्यंत थांबले असते. या मंद उबेनं अडकलेले कण थोडे सैल होतात. धार टिकते आणि पातंही तुटत नाही.

मी बराच वेळ त्या दोन तुकड्यांकडे बघत राहिले. आमचा छोटा महाराज आठवला.

आपल्या दक्षिण भारतातल्या पोलादाची एके काळी जगभर ख्याती होती. तेलंगणातल्या कोनासमुद्रम् गावचं पोलाद इराणपर्यंत जायचं. मायकेल फॅरेडे हे नाव तुम्ही विजेच्या धड्यात वाचाल. त्या फॅरेडेनंही १८१९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये या हिंदुस्थानी पोलादावर प्रयोग केले होते. उलट मराठ्यांच्या 'फिरंग' तलवारींना युरोपातून आलेली पाती असायची आणि मुठी इथल्या. चांगली वस्तू दोन्ही बाजूंनी प्रवास करते ती अशी!

जेवण झाल्यावर दादांच्या मुलानं चिलखताचं सामान काढलं. त्यानं आयटीआय केलंय. संग्रहालयात तासन्‌तास उभं राहून तो हे शिकला. एका सळईवर तार स्प्रिंगसारखी गुंडाळायची. मग ती स्प्रिंग एका बाजूनं कापत गेलं की पटापट कड्या सुटतात. आता दोन पकडी घ्यायच्या, कडी उघडायची, शेजारच्या चार कड्यांतून ओवायची आणि मिटवायची. प्रत्येक कडी चार कड्यांना धरून ठेवते. वार एका कडीवर पडला तरी ताण चौघींत वाटला जातो.

पण नुसती मिटवलेली कडी जोरात ओढली की उघडते. म्हणून जुने कारागीर उत्तम चिलखतात कडीची टोकं ठोकून चपटी करायचे, त्यांना भोक पाडायचे आणि त्यात इवलीशी रिव्हेट बसवायचे. आणि एवढं करूनही चिलखत फक्त कापणारी धार अडवतं, दणका नाही. म्हणून त्याखाली कापूस भरलेला जाड सदरा घालायचा.

मी दुपारभर बसून तळहाताएवढा तुकडा विणला. बोटं लालेलाल! कड्या मोजल्या, तर १५०. आता घ्या वही आणि सोडवा माझ्याबरोबर हे गणित.

एका सदऱ्याला असे १२० तुकडे लागतात, असं धरू. म्हणजे १५० × १२० = १८,००० कड्या. एका कडीला ३ सेंटिमीटर तार, म्हणजे एकूण ५४० मीटर, अर्ध्या किलोमीटरहून जास्त! एका कडीचं वजन अर्धा ग्रॅम, म्हणजे सदरा ९ किलोचा. मिनिटाला दोन कड्या ओवल्या तरी १५० तास लागणार. दप्तर जड होतं अशी तक्रार करता ना? हे ९ किलो अंगावर घालून लढायचं होतं!

निघताना मी विचारलं, "दादा, तलवारी पण करता ना?"

"करतो की. पण बोथट. नाटकाला, खेळाला लागतात तेवढ्याच. धार फक्त विळ्या-कोयत्याला." १९५९ च्या शस्त्र कायद्यात धारदार तलवारी आणि खंजीरही येतात. दादांनी तो कायदा वाचलेला नाही, पण पाळतात मात्र काटेकोर.

सोमवारी वर्गात मी तो १५० कड्यांचा तुकडा टेबलावर ठेवला. आमच्या छोट्या महाराजांना पुढे बोलावलं आणि सगळ्या वर्गासमोर सांगितलं, "त्या दिवशी बाई चुकल्या होत्या. प्रश्न तुझा बरोबर होता. पत्र्याचा कोट अंगरख्याखाली मावत नाही, सदरा मावतो." त्यानं तुकडा हातात घेतला, दुमडला, कानाशी नेऊन हलवला. मग हळूच म्हणाला, "बाई, थोडा वाजतो."

सगळा वर्ग हसला. मीही हसले. खरंच, थोडा वाजत होता! "मग खाली-वर कापड घातल्यावर वाजेल का?" मी विचारलं. झटकन त्याचा हात वर गेला.

संमेलनात आम्ही पुठ्ठा वापरलाच नाही. जाड सुतळीचा सदरा विणून त्याला चंदेरी रंग दिला. महाराजांचा हात चांगला डोक्याच्या वर गेला.

तुम्हालाही कड्या विणून बघायच्या आहेत? जरूर बघा, पण ॲल्युमिनियमची मऊ तार घ्या. जवळ मोठं माणूस असू द्या, आणि तार कापताना डोळ्यांना चष्मा हवाच, कारण टोकं उडतात. जस्त चढवलेली तार चुकूनही विस्तवात घालू नका. तिचा धूर विषारी असतो. भट्टीचं काम मात्र नुसतं बघायचं, तेही लांबून.

आणि हो, तुमच्या गावातही एखादी ऐरण असेल. सुट्टीत जा, दादा-वहिनींना नमस्कार करा आणि विचारा, "पाणी कसं देतात?" प्रश्न विचारायला मुळीच लाजू नका. आणि कुणी बाई किंवा सर रागावलेच, तर त्यांना हा लेख वाचायला द्या!