सॅन क्वेंटिन : तुरुंगाचा दुसरा दरवाजा

सॅन फ्रान्सिस्को शहराच्या धक्क्यावरून उत्तरेस लार्कस्पर गांवीं जाणारी प्रवासी बोट सुमारें अर्ध्या तासांत उपसागर ओलांडते. एवढ्या अल्प प्रवासांत बंदिवासाचीं तीन स्थळें दृष्टीस पडतात. पहिलें डाव्या हातास, तें आल्कट्राझ. तेथील तुरुंग १९६३ सालीं बंद झाला आणि आतां तें बेट पाहावयास प्रवाशांची रीघ लागते. दुसरें एंजल बेट. १९१० ते १९४० या काळांत आशियाखंडांतून येणाऱ्या लोकांस, आणि त्यांत कांहीं हिंदी लोकही होते, चौकशीसाठीं तेथें अडकवून ठेवीत. तिसरें स्थळ मात्र इतिहासजमा झालेलें नाहीं. लार्कस्परचा धक्का जवळ आला कीं उजव्या बाजूस अगदीं पाण्याच्या कडेला उंच भिंतींचा एक विस्तीर्ण वाडा दिसूं लागतो. तोच सॅन क्वेंटिनचा तुरुंग.

कॅलिफोर्निया संस्थानांतील हा सर्वांत जुना तुरुंग. १८५२ सालीं त्याचा आरंभ झाला तेव्हां कैद्यांना रात्रीं ‘वाबान’ नांवाच्या जहाजांत कोंडीत आणि दिवसा त्यांच्याच हातून तुरुंगाचें बांधकाम करून घेत. देहान्त शिक्षा झालेल्या पुरुषांस ठेवण्याची जागाही दीर्घकाळ हीच होती. २०१९ सालीं गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनीं त्या शिक्षेची अंमलबजावणी स्थगित केली, आणि २०२३ सालीं तुरुंगाचें नांव बदलून ‘सॅन क्वेंटिन पुनर्वसन केंद्र’ असें ठेवण्यांत आलें.

पाटी बदलणें सोपें. मनुष्याचें पुनर्वसन कसें होतें, हा खरा प्रश्न. १९९५ सालीं आंत गेलेल्या एखाद्या तरुणाची कल्पना करा. २००७ सालच्या जानेवारींत याच उपसागराच्या पलीकडच्या तीरावर स्टीव्ह जॉब्ज यांनीं पहिला आयफोन जगापुढें धरला, तेव्हां हा भिंतीआड होता. वीस-पंचवीस वर्षांनीं तो सुटतो. सुटणाऱ्याच्या हातावर २०० डॉलर ठेवण्याची तेथील जुनी वहिवाट आहे. कपडे व प्रवासभाडें सरकारनें दिलें, तर तें त्यांतूनच वजा होतें. बाहेर येऊन पाहतो तों नोकरीचा अर्ज, बँकेचा व्यवहार, फार काय, नातलगांची ख्यालीखुशालीही एका हातभर अंतरावरच्या कांचेंत गेलेली! तुरुंगाचा पहिला दरवाजा त्याच्यासाठीं शिपायानें उघडला. हा दुसरा उघडावा कसा, हें त्याला ठाऊक नाहीं.

या दुसऱ्या दरवाजाची किल्ली घडविण्याचें काम क्रिस रेडलिट्झ व बेव्हर्ली पॅरेंटी या दांपत्यानें येथेंच आरंभिलें. नव्या उद्योगांस भांडवल पुरविणें हा त्यांचा व्यवसाय. २०१० सालीं त्यांनीं ‘द लास्ट माइल’, म्हणजे ‘शेवटचा मैल’, ही संस्था स्थापिली. प्रथम उद्योगधंदा कसा उभारावा याचे पाठ झाले, आणि २०१४ पासून संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याचा वर्ग सुरू झाला. सुरक्षिततेस्तव कैद्यांना इंटरनेट मिळत नसे. तेव्हां लागणारें साहित्य आधींच संगणकांत भरून ठेवावयाचें, शिक्षकांनीं दुरून पडद्यावर दिसून शिकवावयाचें, आणि विद्यार्थ्यांनीं जें इंटरनेट कधीं वापरलें नाहीं त्याचींच पानें रचावयाचीं, असा हा अपूर्व अभ्यास! समुद्र न पाहतां होडी बांधावी, तसेंच हें. पण होडी तरली. २०१६ सालीं या वर्गांतून शिकलेल्यांकडून बाहेरच्या गिऱ्हाइकांचीं कामें घेण्यासाठीं तुरुंगांतच एक कार्यालय निघालें.

तथापि विद्या आली म्हणजे वृत्ति मिळतेच असें नाहीं. सुटलेल्या मनुष्याच्या मागें त्याचा गुन्हा सांवलीसारखा चालतो. २०१८ पासून कॅलिफोर्नियांत असा कायदा आहे कीं, पांच किंवा अधिक नोकर असणाऱ्या मालकानें नोकरी देऊं केल्यावांचून उमेदवाराची पूर्वीची शिक्षा विचारूं नये. आधीं गुण पाहावा, मग दोष, हें त्याचें तात्पर्य. त्याच वर्षीं ‘स्लॅक’ या कंपनीनें ‘द लास्ट माइल’च्या साहाय्यानें सुटून आलेल्या तिघांना उमेदवारीवर घेतलें, आणि २०१९ सालीं त्या तिघांनाही कायमची नोकरी मिळाली. आंकडा लहान आहे खरा. पण त्याच्यामागें एकेका मनुष्याला शेजारीं बसवून घेणारी कार्यालयांतली माणसें होतीं, हें विसरतां कामा नये.

आमचा पुतण्या त्या प्रांतांत याच व्यवसायांत आहे व नव्या लोकांची निवड करण्याचें कामही त्याच्याकडे असतें. “असा उमेदवार तुझ्यापुढें आला तर?” असें आम्हीं त्याला विचारलें. क्षणभर थांबून तो म्हणाला, “काका, त्याचें काम चांगलें असेल तर तें मी चांगलेंच म्हणेन. पण शेवटची सही करतांना माझा हात अडखळेल कीं नाहीं, तें मात्र आज सांगवत नाहीं.” या प्रामाणिक उत्तरावर सूनबाईंनीं एकच गोष्ट पुढें मांडली. “पुण्याला आजोबांना नवा फोन शिकवायला घरांत तिघे जण भोंवतीं बसतात, आणि तरी ते रोज एकदां चिडतात. त्या माणसाच्या भोंवतीं कोण बसतें?”

सूनबाईंचें बोलणें आम्हांस फार खरें वाटलें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मनुष्यास न कळलेली गोष्ट दहादां विचारण्याचा हक्क असतो. कोणी हंसलें तरी कोणीतरी सांगतेंच. वीस वर्षें कोंडून राहिलेल्याचा तोच हक्क प्रथम जातो, आणि लाजेमुळें तो पुन्हां मागवत नाहीं. म्हणून या वर्गांत जें शिकवितात त्यांत संगणकाइतकेंच महत्त्व धीर धरून पुन्हां पुन्हां विचारूं देण्याला आहे, असें आमचें मत झालें.

आपल्याकडे स्वातंत्र्यासाठीं तुरुंग भोगून आलेल्यांच्या गळ्यांत आपण हार घातले, आणि तें योग्यच झालें. हे लोक त्या मालिकेंतले नव्हेत. त्यांच्या हातून गुन्हे घडले आहेत आणि कित्येकांच्या घरीं त्यामुळें जन्माचें दुःख झालें आहे. हार कोणी मागत नाहीं. शिक्षा पुरी झाल्यावर काम करून पोट भरण्यास एक खुर्ची मिळावी, एवढेंच मागणें आहे. किल्ली हातीं असली तरी हा दुसरा दरवाजा आंतून कोणी कडी काढल्यावांचून उघडत नाहीं. त्या आंतल्या माणसांत आज आपल्याच घरांतले कित्येक मुलगे व मुली आहेत. त्यांना पत्र लिहितांना प्रकृतीची व पगाराची चौकशी आपण करतोंच. त्यांच्या कार्यालयांत अशा मनुष्याला जागा मिळते काय, हेंही एकदां विचारावें.