फडकं, तुरटी आणि चांदीचे कण

नळाच्या तोंडाला बांधलेलं पांढरं फडकं आमच्या पिढीतल्या बहुतेकांना आठवत असेल. आजीच्या जुन्या नऊवारीचं, नाहीतर आजोबांच्या धोतराचं. पहाटे पाणी आलं की हंडे, कळश्या, पिंपं भरायची धांदल उडे. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की त्यात तुरटीचा खडा गोल फिरवायचा आणि गाळ तळाशी बसेपर्यंत पिंपाला कुणी हात लावायचा नाही. काविळीची साथ आली की मोठ्ठं पातेलं शेगडीवर चढे. त्या उकळलेल्या पाण्याला चवच नाही, म्हणून आम्ही कुरकुरायचो. पाणी ओगराळ्यानंच घ्यायचं, बोटं बुडवली की पाठीत धपाटा! गावी विहिरीत टीसीएल पावडर पडली की चहालासुद्धा तिचा वास.

या रीतींना आम्ही तेव्हा आजीचं सोवळं समजत होतो. पण त्यांत शास्त्र होतं. नारू पसरवणारे बारीक जलजीव फडक्यात अडकतात. आपल्या देशात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला; नारू संपवण्यात गाळून पिण्याच्या सवयीचा मोठा वाटा. बांगलादेशात जुन्या साडीच्या घडीतून पाणी गाळायला लावलं, तर पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्मे झाले. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. जलजीवांना चिकटलेला जंतू त्यांच्याबरोबर अडकतो; सुटा जंतू मात्र कापडातून निसटतोच. त्याच्यासाठी ते पातेलं.

पुढे स्टीलचा दोन मजली फिल्टर आला. त्याची कॅन्डल जुन्या टूथब्रशनं घासायचं काम अर्थातच पोरांकडे. मग टाय लावलेले विक्रेते दारोदार विजेवरची यंत्रं दाखवू लागले. आणि डिसेंबर २००९मध्ये टाटांचा ‘स्वच्छ’ आला. त्याच्या पोटात काय, तर भाताच्या तुसाची राख! आजोळी जिची राखुंडी बोटानं दातांवर घासली, तीच. पुण्याच्या टाटा संशोधन केंद्रात या राखेचा ‘सुजल’ नावाचा फिल्टर आधीच तयार झाला होता. ‘स्वच्छ’मध्ये राखेवर चांदीचे नॅनोकण बसवले. वीज नको, वाहता नळ नको आणि किंमत तेव्हा हजाराच्या आत.

चांदी आमच्या घरांतही होतीच, बाळाच्या बोंडल्यात आणि बारशाच्या वाटीत. पण नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. इतके बारीक कण केले की चिमूटभर चांदीलाही पाण्याला भिडायला प्रचंड पृष्ठभाग मिळतो. त्यातून हळूहळू सुटणारे चांदीचे आयन जिवाणूंचं आवरण आणि आतली प्रथिनं बिघडवतात. आयआयटी मद्रासमध्ये थलप्पिल प्रदीप यांच्या गटानं तर धातूंच्या नॅनोकणांनी पाण्यातली कीटकनाशकं काढून दाखवली. पुढे ते तंत्र घरगुती फिल्टरमध्येही आलं.

आज्यांकडे मात्र एक गोष्ट होती, जी कुठल्याच यंत्राबरोबर मिळत नाही: नेम. फडकं रोज धुतलं जाई, पिंप रोज घासलं जाई. ‘स्वच्छ’चा ‘बल्ब’, म्हणजे आतलं कार्ट्रिज, सुमारे तीन हजार लिटरनंतर पाणीच बंद करी, म्हणून तो बदलावाच लागे; पण सगळ्या फिल्टरांत ती सोय नसते. शिवाय चांदी जंतूंना मारते, पण पाण्यातले क्षार किंवा यवतमाळ-चंद्रपूरकडच्या बोअरमधलं फ्लोराइड काढत नाही. तेव्हा फिल्टर घेण्याआधी आपलं पाणी तपासून घ्या आणि घेतल्यावर आतलं कार्ट्रिज वेळच्या वेळी बदला.