निदान आधी, उपचार मागून

वसमत तालुक्यातील कुरुंदा हे आमचे गाव विचारवंत नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) ह्यांच्या आडनावामुळे पुष्कळांस ठाऊक आहे. पुराव्यावाचून निर्णय देऊ नये, ही त्यांच्या लेखनाची शिस्त. ती शिस्त शेतातील यंत्रासही कशी लागू पडते, हे मला एका जुन्या ट्रॅक्टराने शिकविले.

ट्रॅक्टराचा डायनमो इंजिनावरील पट्ट्याने फिरतो. तारेचे वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात फिरविले असता त्यात वीज उत्पन्न होते. हे तत्त्व मायकेल फॅरडे ह्याने १८३१ साली शोधून काढले. परंतु वेग वाढेल तसा विजेचा दाब वाढत जातो. त्यास आवर घालतो तो रेग्युलेटर. त्याच पेटीत कटआउट असतो. डायनमोचा दाब बॅटरीहून अधिक झाला म्हणजे तो दोहोंची जोड करतो. दाब उतरताच जोड तोडतो, नाहीतर बॅटरीतील वीज उलट डायनमोत वाहून जाईल. ही दोन्ही कामे करणाऱ्या वेटोळ्यांचे एक टोक ट्रॅक्टराच्या अंगास, म्हणजे अर्थास, जोडलेले असते. हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

ऐन हळद काढणीत आमच्या ट्रॅक्टराची बॅटरी वरचेवर उतरू लागली. रात्री दिवे मिणमिणत, आणि भरलेली ट्रॉली अंधारात रस्त्यावर आणणे म्हणजे जिवाशी खेळ. डायनमो जळाला असून नवाच घ्यावा लागेल, असे एका कारागिराने सांगितले. त्या खर्चासाठी शिजवून वाळविलेली हळद भाव नसताना विकणे भाग होते. काका म्हणाले, "आधी विचारून पाहू, डायनमो काय सांगतो ते ऐकू."

प्रथम पट्ट्याचा ताण पाहिला; तो ठीक होता. मग बॅटरीची तार सोडून डायनमोवरील 'डी' व 'एफ' ह्या दोन्ही तारा काढल्या, ती दोन टोके एका तुकड्याने जोडली आणि टोक व अंग ह्यांच्यामध्ये व्होल्टमीटर लावला. इंजिन मंद चालवून वेग किंचित वाढविताच काटा सावकाश वीस व्होल्टपर्यंत चढला. त्यापुढे तो चढू दिला नाही, कारण अशा वेळी दाबास आवर घालणारे कोणी नसते. डायनमो निर्दोष ठरला.

तारा पूर्ववत जोडून रेग्युलेटरच्या 'डी' टोकावर पाहिले. तेथेही दाब पोहोचत होता. म्हणजे तारा तुटलेल्या नव्हत्या. परंतु 'ए' टोकावर बॅटरीचे बारा व्होल्टच काय ते दिसत. कटआउट जोड करीत नव्हता. आता पेटीच बदला, असे कोणीही म्हणाले असते. काकांनी आणखी एक प्रश्न विचारला. मीटरची एक तार 'ई' टोकास व दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडास लावली. तेथे काटा शून्यावर राहावयास हवा होता. तो कित्येक व्होल्ट वर गेला. वेटोळ्यांना अर्थच मिळत नव्हता!

अर्थाची तार उलगडली, तो तिच्या थिंबलाखाली रंगाचा व गंजाचा थर आढळला. पॉलिश पेपराने लोखंड चकचकीत घासले, नवे थिंबल बसविले, बोल्ट आवळला. इंजिन सुरू करताच अॅमिटरचा काटा चार्जाच्या बाजूस झुकला. डायनमोही तोच राहिला, पेटीही तीच राहिली, आणि हळद भाव येईपर्यंत घरात राहिली.

विद्यार्थिमित्रहो, दोष पुष्कळदा मोठ्या वस्तूत नसून दोन वस्तूंच्या जोडात असतो. यंत्राविषयी असो वा माणसाविषयी, दोषारोप करण्यापूर्वी एकेक प्रश्न क्रमाने विचारावा आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. ज्याच्यावर आळ आला तो निर्दोष निघण्याचा आनंद फार मोठा असतो.