आठ फुटांचा हौदा

माझा धाकटा भाऊ लोकांची घरं नव्यानं करून देतो. बाथरूम फोडून नवं करणं, ओटा बदलणं, फरशी, पीओपी, फर्निचर, रंग, सगळं. वडील आयुष्यभर फरशी बसवत आले; आधी भिवंडीतल्या चाळींत, मग हमरस्त्याला गोदामं उभी राहायला लागली तशी गोदामांच्या ऑफिसांत. भावानं त्याच कामाला कोटेशन, व्हॉट्सॲपवरचे फोटो आणि ॲडव्हान्स जोडला. मी घरातला इंजिनिअर, म्हणजे संगणकासमोर बसणारा, म्हणून हिशेबाचं खातं माझ्याकडे. गेल्या वर्षी त्यानं स्वतःची गाडी घ्यायचं ठरवलं आणि म्हणाला, "दादा, एक्सेल करून दे." कर्जात सहकर्जदार मीच असणार होतो, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्न नव्हता.

त्याच्या डोक्यात आधी गाडी नव्हती, ट्रेलर होता. अमेरिकेतले कंत्राटदार पिकअपच्या मागे बंद पेटीसारखा ट्रेलर ओढत नेतात. आत फळ्या, प्रत्येक ड्रिलला ठरलेली जागा, कॉम्प्रेसर, करवतीचं टेबल, वर दिवे. सकाळी गिऱ्हाइकाच्या दारात उभा करायचा, संध्याकाळी घरी. असे व्हिडिओ तो रात्री बारा-बारा वाजेपर्यंत बघायचा. "आपल्याकडे हे का नाही?" हा त्याचा प्रश्न, आणि प्रश्न चांगला होता.

एक कारण कायद्याचं. आपल्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही मोटार वाहनच धरलं जातं, म्हणजे त्याची वेगळी नोंदणी आली. आपण रस्त्यावर जो ट्रेलर बघतो तो एक तर ट्रॅक्टरची ट्रॉली असतो, नाही तर जेएनपीटीहून कंटेनर घेऊन येणारं ते लांबलचक धूड. दुसरं कारण जागेचं. धामणकर नाक्यापाशी साधी कार मागे घ्यायची तर चार जण हात दाखवायला लागतात. तिथं मागे काही जोडून वळवणं म्हणजे करमणुकीचा कार्यक्रम.

पण खरं कारण मला वेगळंच वाटतं. तिकडे माणूस संध्याकाळी घरी जातो, म्हणून त्याची अवजारंही त्याच्याबरोबर जातात. आपल्याकडे सुतार महिना-दोन महिने गिऱ्हाइकाच्या फ्लॅटमध्येच राहतो. हॉलमध्ये त्याचं टेबल, बाल्कनीत त्याची चूल, कोपऱ्यात गुंडाळलेलं अंथरूण. घर हाच कारखाना. मग चाकांवरचा कारखाना कशाला? गाडी लागते ती सामान न्यायला आणि राडारोडा आणायला. हे एकदा कागदावर आलं आणि ट्रेलरचा विषय संपला. व्हिडिओ मात्र तो अजून बघतो.

वडिलांचं मत तीनचाकीचं होतं. भिवंडीच्या गल्ल्या सुताचे बीम आणि कापडाचे तागे वाहणाऱ्या हातगाड्यांच्या मापाच्या. त्यात तीनचाकी शिरते, चारचाकी तोंडाशी अडते. शिवाय स्वस्त. भावाला हवी होती ठाण्यातल्या सोसायट्यांची कामं. तिथल्या वॉचमनसमोर गाडीवर नाव रंगवलेली चारचाकी उभी करायची होती.

या ओढाताणीतूनच छोटा हत्ती जन्मला, हे मला वाचताना कळलं. टाटांनी २००५ साली 'एस' बाजारात आणली. त्या प्रकल्पाचे प्रमुख गिरीश वाघ. त्यांच्या माणसांनी तीनचाकी चालवणाऱ्यांशी बोलून गाडीची कल्पना पक्की केली. आपल्याकडे चारचाकी असती तर लग्न जमायला बरं पडलं असतं, असं त्यातला एक जण म्हणाला, असा किस्सा सांगितला जातो. इंजिन दोन सिलिंडरचं, ७०२ सीसीचं. इंडिकाच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचं जवळजवळ अर्धं. मला हे फार आवडलं. जे चालतंय त्यातलं निम्मं काढून नवं उभं करणं, आमच्या धंद्यात याला काहीतरी भारदस्त नाव दिलं असतं. भावाला त्यातला लग्नाचा भाग आवडला.

छोट्या हत्तीची क्षमता साधारण ७५० किलो. दोन बाय दोनच्या फरशीचा एक बॉक्स, चार नगांचा, २८ किलोच्या आसपास. म्हणजे पंचवीस बॉक्स, म्हणजे जवळजवळ ३९० चौरस फूट. एका फेरीत एका वन बीएचकेची फरशी. एक्सेलमध्ये हे इतकं सुंदर बसलं की मी फाइल बंद करून झोपलो.

सकाळी वडिलांनी विचारलं, "प्लाय कसा नेणार?"

प्लायवूडची शीट आठ बाय चार फुटांची. मिलिमीटरमध्ये २४४० बाय १२२०. छोट्या हत्तीचा हौदा २२०० मिलिमीटरचा. म्हणजे शीट पाऊण फुटापेक्षा जास्त बाहेर येते. फाळका उघडा टाकून, दोरीनं आवळून, मागे लाल फडकं लावून लोक नेतातच. पण अठरा एमएमची एक शीट पस्तीस किलोच्या घरात. अशा वीस शीट मागे लोंबकळत ठेवून कशेळीच्या खड्ड्यांतून जायचं, तर कडा घासतात आणि कड खराब झालेली शीट गिऱ्हाईक परत करतं. छोट्या गाड्यांची माहितीपत्रकं काढली. बहुतेकींचे हौदे बावीसशेच्या पुढेमागे. आठ फूट सपाट बसायचे तर एक पायरी वर चढायला लागतं. टाटांचीच इंट्रा व्ही-१० त्यात बसते. हौदा आठ फुटांहून थोडा लांब, क्षमता एक टन. किंमत अर्थातच वरची.

गाडी विजेची घ्यावी, असं मी सुचवून पाहिलं. एस ईव्ही २०२२ मध्ये आलीय, ठाणे-कल्याण-भिवंडी एवढ्या फिरण्याला पुरेल. वडील खिडकीतून खाली बघत म्हणाले, "वायर तिसऱ्या मजल्यावरून सोडणार का?" गाडी रस्त्यावरच उभी राहणार होती. तो कॉलम मी पुसला.

कागदपत्रांचं मात्र सोपं निघालं. एकूण वजन ३००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. आणि साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा पक्कं केलंय. भाऊ स्वतःच चालवणार होता.

आणि इथं चाचांचा विषय आला. आमचे सगळे फेरे बारा-तेरा वर्षं चाचाच मारतात, त्यांच्या तीनचाकीनं. चाचा इथलेच, कोकणी मुसलमान. वडिलांशी मराठीत भांडतात, भाड्याचा हिशेब हिंदीत करतात. माझ्या एक्सेलमध्ये 'वाचलेलं भाडं' अशी एक ओळ होती आणि तीच हप्ता भरणार होती. ती ओळ म्हणजे चाचांची महिन्याची जवळजवळ निम्मी कमाई. मी रोज दुसऱ्यांची कामं कमी करणाऱ्या प्रणाली लिहितो. त्यात त्या माणसांची तोंडं दिसत नाहीत. इथं तोंड रोज चहाला घरी यायचं.

वडिलांनी ते लपवलं नाही. चहा देतानाच सांगितलं, पोरगा गाडी घेतोय. चाचांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "नवी की जुनी?" आम्ही काल्हेरला एक जुनी इंट्रा बघून ठेवली होती. रंग चकचकीत, मीटर कमी. दुसऱ्या दिवशी चाचा बरोबर आले. बाकी काही न बघता गाडीखाली गेले आणि मागच्या चाकाचे पाटे मोजले. "ह्यात एक पाटा जास्तीचा घातलाय. एक टनाच्या गाडीनं दोन टन ओढलेत. चेसिस बघ, इथं वेल्डिंग आहे." तिथून आम्ही निघालो. परतताना भावानं त्यांना विचारलं, की गल्लीतली कामं तुमच्याकडेच राहतील, चालेल का? चाचा म्हणाले, "भाडं वाढवून देशील तर." त्यानं वाढवून दिलं. निम्म्या फेऱ्या गेल्या त्या गेल्याच. ते गणित जुळलं नाही आणि जुळेल असं कुणी म्हणालंही नाही.

नवी घेतली, कर्जावर. शोरूममध्ये भावानं आधी टेप काढून हौदा मोजला. सेल्सचा मुलगा मायलेज सांगत राहिला.

राडारोड्याचा हिशेब मी स्वतः केला होता. सात बाय चारचं बाथरूम, भिंतींना सात फूट टाइल, खालचा कोबा. सगळं फोडलं की दीड टनाच्या पुढे जातं. तीस किलोच्या पन्नासेक गोण्या. नव्या गाडीच्या दोन फेऱ्या. पण फेऱ्या कुठे? भाड्याचा टेम्पो असताना हा प्रश्न आमचा नव्हता. गोण्या खाली उतरल्या की बाथरूम संपलं. त्या खाडीकाठच्या तिवरांत जातात की रस्त्याच्या कडेला, हे माहीत असूनही विचारायचं नसे. आता गाडीवर भावाचं नाव आणि मोबाइल नंबर रंगवलेला. वडील पहिल्याच दिवशी म्हणाले, "नाव लिहिलंस ना, मग आता नीट टाक."

नियमांप्रमाणे हा कचरा वेगळा ठेवून नेमलेल्या जागीच द्यायचा असतो. त्यात डिझेल जातं, दिवस जातो, पैसेही जातात. भावानं कोटेशनमध्ये वेगळी ओळ घातली: राडारोडा वाहतूक आणि विल्हेवाट. माजिवड्याच्या एका बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. दुसरा तर हे फुकट करतोय, म्हणाल्या. भावानं तो कुठे टाकतो ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि काम दुसऱ्याला दिलं. तेव्हापासून अशी तीन कामं गेलीत, मी फाइलमध्ये मोजतोय. ओळ त्यानं काढलेली नाही. फक्त कोटेशनच्या तळातून उचलून सगळ्यात वर नेलीय.