वाल दॉर्चा : संथ पावलांचा प्रदेश

घरातील ज्येष्ठांच्या परदेशप्रवासाचा विषय निघाला की बहुतेक कुटुंबांत दोनच मते ऐकू येतात. एक म्हणते, ‘या वयात एवढी दगदग कशाला?’ दुसरे मत अकरा दिवसांत सात देश दाखविणाऱ्या सहलीचे पत्रक पुढे करते. पहिल्या मतात माणूस घरात बसतो; दुसऱ्यात तो बसमध्ये बसतो आणि खिडकीबाहेरचा युरोप पाहता पाहता पेंगतो. या दोहोंखेरीज एक तिसरा मार्ग आहे. एकच लहानसा प्रदेश निवडावा, एकाच घरी आठ-दहा दिवस मुक्काम करावा आणि आपल्या गुडघ्यांना झेपेल त्याच गतीने तो पाहावा. अशा प्रवासासाठी इटलीतील तोस्काना प्रांताच्या दक्षिणेस असलेले वाल दॉर्चा, म्हणजेच ऑर्चा नदीचे खोरे, फार अनुकूल आहे.

माणसाने रेखाटलेले निसर्गचित्र

चिकणमातीच्या गोलाकार टेकड्या, त्यांवर गव्हाची शेते, वळणावळणाच्या वाटेकडेने उभी सुरूची झाडे आणि माथ्यावर एखादे दगडी घर, असे या खोऱ्याचे रूप आहे. हे सौंदर्य केवळ निसर्गदत्त नव्हे. चौदाव्या-पंधराव्या शतकांत सिएना या नगरराज्याने येथील शेतीची आणि वस्तीची घडी बसविली, ती चांगल्या राज्यकारभाराचा आदर्श म्हणून. सिएनाच्या नगरभवनात आंब्रोजो लोरेन्झेत्ती याने १३३८-३९ मध्ये रंगविलेल्या भित्तिचित्रांत सुशासनाखाली नांदणारा असाच शेतशिवार दिसतो. युनेस्कोने २००४ साली या खोऱ्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

याच खोऱ्यातून रोमकडे जाणारा ‘व्हिया फ्रान्चिजेना’ हा प्राचीन यात्रामार्ग जातो. इ.स. ९९० च्या सुमारास कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक रोमहून परतताना याच वाटेने गेला आणि त्याच्या मुक्कामांची यादी आजही उपलब्ध आहे. वाटेवरच्या सान क्विरिको गावात सोळाव्या शतकात दियोमेदे लेओनी यांनी ‘ओर्ती लेओनिनी’ ही बाग उभारली. कातरलेल्या झुडपांच्या कुंपणांमधील तिच्या बाकांवर आपणही निःसंकोच बसावे. यात्रामार्गावर विसावा हा कमीपणा नसतो. तो यात्रेचाच भाग असतो.

दुखऱ्या पायांच्या पोपचे गाव

मुक्कामासाठी पिएन्झा हे गाव निवडावे. डोंगरमाथ्यावर असूनही गावाचा आतला भाग बराचसा सपाट आहे. आसपासच्या मोंतालचिनो किंवा मोंतेपुल्चानो या गावांतील चढ-उतार मात्र दमविणारे आहेत. पिएन्झाचे मूळ नाव कोर्सिन्यानो. येथे १४०५ साली जन्मलेले एनेआ सिल्विओ पिक्कोलोमिनी पुढे दुसरे पायस या नावाने पोप झाले. वास्तुविशारद बेर्नार्दो रोसेल्लिनो याच्याकडून त्यांनी १४५९ ते १४६२ या काळात आपल्या जन्मगावाची नव्याने उभारणी करविली आणि गावाला स्वतःचे नाव दिले.

या पोपची कथा आपल्याला जवळची वाटेल. तारुण्यात स्कॉटलंडमध्ये बर्फातून अनवाणी यात्रा केल्याने त्यांचे पाय कायमचे अधू झाले. पुढे संधिवाताने, म्हणजे गाउटने, त्यांना इतके ग्रासले की अनेकदा त्यांना पालखीतून न्यावे लागे. तरीही त्यांनी प्रवास सोडला नाही. १४६२ च्या उन्हाळ्यात ते आमियाता पर्वतावर जाऊन राहिले आणि चेस्टनटच्या झाडांखाली बसून धर्मपीठाचे कामकाज पाहू लागले. पिएन्झातील त्यांच्या प्रासादाच्या मागच्या सज्जातून तोच १,७३८ मीटर उंचीचा आमियाता समोर दिसतो. चालता येईना तेव्हा त्यांनी दृश्य पाहता येईल अशी जागा बांधून घेतली. ज्यांच्या घरी चाकाची खुर्ची आली आहे, त्यांनी हे ध्यानी ठेवावे. आईला सगळे दाखविणे जमणार नसेल, तर एक चांगली खिडकी आणि तिच्यापुढे पुरेसा वेळ, एवढे तरी निश्चित देता येते.

उष्णोदकाचा चौक

सान क्विरिकोपासून पाच-सहा किलोमीटरवर बान्यो विन्योनी हे चिमुकले गाव आहे. अन्य गावांत जेथे चौक असतो, तेथे या गावात उष्ण पाण्याचे दगडी कुंड आहे. थंड सकाळी त्यातून वाफा उठतात. आपल्याकडील वज्रेश्वरी वा उन्हवऱ्याची कुंडे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. झऱ्याचे पाणी सुमारे ५० अंश सेल्सिअस असते. ऐतिहासिक कुंडात उतरण्यास मनाई आहे. स्नानाची सोय जवळच्या स्नानगृहांत, निवविलेल्या पाण्यात होते.

येथे थोडे थांबून काही पथ्ये पाहू. उष्ण पाण्याने सांध्यांचा ताठरपणा काही काळ कमी होतो, परंतु रक्तवाहिन्या प्रसरण पावून रक्तदाबही खाली येतो. म्हणून हृदयविकार असल्यास, रक्तदाब आटोक्यात नसल्यास किंवा त्यावर गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांच्या अनुमतीविना पाण्यात उतरू नये. मधुमेहामुळे तळपायांची संवेदना कमी झालेल्यांना चटका कळत नाही. पाण्याची ऊब सोबतच्या माणसाने आधी तपासावी. दहा मिनिटे पुरेत. बाहेर येताना कठडा धरून सावकाश उठावे, काही क्षण बसावे आणि पाणी प्यावे.

ताटातील तोस्काना

तोस्कानाचा पारंपरिक पाव बिनमिठाचा असतो. रक्तदाबाच्या रुग्णांना तो मानवेल. मात्र सोबतचे पेकोरिनो, म्हणजे मेंढीच्या दुधाचे चीज, चांगलेच खारट असते. शिवाय ते बहुधा प्राणिज रेनेट वापरून करतात, हे कडक शाकाहारी वाचकांनी लक्षात घ्यावे. कणीक आणि पाण्याची हाताने वळलेली ‘पिची’ ही जाड शेवई टोमॅटो-लसणाच्या रसात मिळते. ती आपल्या जिभेला रुचते. शिळा पाव, घेवडा आणि पालेभाजी यांची ‘रिबोल्लिता’ म्हणजे शेतकऱ्याच्या घरचे काटकसरीचे अन्न. त्यात मांसाचा रस्सा नाही ना, एवढे विचारून घ्यावे. दुपारी दुकाने दोन-तीन तास बंद असतात. त्याची कुरकुर न करता आपणही वामकुक्षी घ्यावी.

शुश्रूषेची भिंत

एक दिवस सिएनासाठी ठेवावा. तेथील कॅथेड्रलसमोर ‘सान्ता मारिया देल्ला स्काला’ हे यात्रेकरूंसाठी उभे राहिलेले, कित्येक शतके चाललेले रुग्णालय आहे. आता ते संग्रहालय आहे. त्याच्या यात्रेकरूंच्या दालनात १४४० च्या दशकातील भित्तिचित्रे आहेत. त्यांत राजे आणि लढाया नाहीत. जखम धुणारे हात, रुग्णाला आधार देणारे सेवक, अनाथ बालकांना सांभाळणाऱ्या दाया आहेत. घरी वर्षानुवर्षे कुणाची तरी सेवा करणाऱ्या व्यक्तीने ही भिंत अवश्य पाहावी. आपले जे काम घराच्या चार भिंतींत कुणाच्या दृष्टीस पडत नाही, ते येथे भिंतभर आदराने रंगविलेले आढळेल.

प्रकृती साथ देत असेल तर आणखी एक दिवस शेजारच्या उंब्रिया प्रांतातील मोंतोने गावासाठी काढावा. दुसऱ्या महायुद्धात १० जुलै १९४४ रोजी त्या परिसरात मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांनी शत्रूचे ठाणे एकट्याने जिंकून देह ठेवला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोंतोनेत २०२३ साली त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारण्यात आले.

निघण्यापूर्वी

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने सौम्य असतात. रोमहून क्यूसी स्थानकापर्यंत रेल्वेने सुमारे दीड तास लागतो. पुढे मोटारीने पिएन्झा तासाभराच्या आत येते. विमानात दर तासाला पाय हलवावेत, शक्य तेव्हा उठून चार पावले चालावे. इन्सुलिन व रोजची औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत आणि औषधांच्या मूळ नावांसह डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा अनिवार्य आहे. त्यात पूर्वीचे आजार धरले आहेत का, हे वाचूनच सही करावी. खोली तळमजल्यावर मागावी. जुन्या घरांत उद्वाहक सहसा नसतो. रस्ते दगडी आहेत, म्हणून रबरी तळव्याचे बूट आणि काठी हवीच. हिरव्या क्रुसाची खूण औषधाच्या दुकानाची. तातडीच्या मदतीसाठी क्रमांक ११२.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दिवसाला एकच बेत आखावा, तोही सकाळचा. दुपार ज्येष्ठांच्या विश्रांतीची, तशीच त्यांची काळजी वाहणाऱ्याचीही असावी. त्या दोन तासांत सुनेने किंवा मुलाने एकट्याने गावाच्या तटावरून फेरफटका मारून यावे. दोघेही विसावलेले असतील, तर संध्याकाळी सूर्य उतरताना एकमेकांशी बोलायला दोघांकडेही काहीतरी असेल.