चाचे, सरखेल आणि लिहिण्याची निकड

पिंपरी-चिंचवडला समुद्र नाही. पवना आहे आणि कारखान्याच्या पाळ्यांनी बांधलेला दिवस आहे. तरीही चाच्यांच्या कथांचा विषय निघाला की वर्गातील मागच्या बाकांवरची कुजबुज थांबते. हे आकर्षण केवळ पुरलेल्या खजिन्याचे नसावे. ज्याचा दिवस दुसऱ्या कुणी बांधून दिलेला नाही, अशा माणसाचे ते आकर्षण आहे.

स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’मध्ये (१८८३) मला खिळवले ते सिल्व्हरच्या पोपटाने. तो मलबार पाहून आलेला. गोव्याजवळ एका जहाजावर पडलेल्या धाडीचाही साक्षी. म्हणजे इंग्रज मुलांच्या स्वप्नातला समुद्र काही अंशी आपलाच होता! याच किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) मराठ्यांचे सरखेल होते. त्यांचे दस्तक घेतल्याविना जाणारे जहाज अडवले जाई. पोर्तुगीजांचा कार्ताझ हाही त्याच जातीचा परवाना. परंतु क्लेमेंट डाउनिंगच्या १७३७ च्या इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकातच आंग्रे ‘पायरेट’ ठरले. पुढे १७५६ मध्ये इंग्रजांनी तुळाजींचा विजयदुर्ग घेतला, तेव्हा पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते. हे पान आपण जरा घाईनेच उलटतो.

सरखेल आणि पायरेट या दोन शब्दांच्या मध्ये गलबतावरचा तांडेल उभा आहे. त्याने स्वतः सांगितलेली हकिगत माझ्या वाचनात आलेली नाही. शोधनिबंधाला आधार लागतो, आणि त्याच्यापाशी तो नाही. म्हणून रात्रपाळीच्या बसगाड्या निघून गेल्यावर मी त्याची कथा लिहावयास बसतो. तो शीड उतरवतो आहे. त्याच्यावर अद्याप कोणताच शिक्का बसलेला नाही.